घुमणं

मराठीत ढोल घुमतो आणि अंगात आलेली बाईही घुमते. पारवा घुमतो, गाभारा घुमतो, आणि संबळीचा ठेका चढत गेला की केस मोकळे सोडून बसलेली एखादी आजी कमरेपासून गोल गोल डोलायला लागते, तेव्हाही मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "घुमायला लागली." वाद्याला आणि देहाला एकच क्रियापद देताना भाषेच्या मनात काय होतं, कोण जाणे. पण प्रश्न त्या शब्दातच बसलेला आहे. कातड्यावर ठोका पडतो आणि माणसाचं भान सरकतं, या दोहोंमध्ये खरंच काही दोरी आहे का? असेल तर तिचं दुसरं टोक कुठे बांधलंय: कानात, मेंदूत की गावात?

हे तपासायचं तर सैबेरियाच्या दक्षिणेला, अल्ताई आणि तुवा या भागांत, तिथल्या शामनांकडे जावं लागतं. शामन म्हणजे ढोलाच्या साथीनं भान सोडून आत्म्यांच्या जगात जाऊन येणारा मांत्रिक-वैद्य. 'शामन' हा शब्द त्याच मुलखाच्या उत्तरेकडचा, एवेंकी लोकांच्या तुंगुसी बोलीतला. आपल्या 'शमन'शी त्याचं नातं नाही. 'श्रमण' म्हणजे भिक्षू, त्यावरून तो तिकडे गेला असावा हा तर्क बराच जुना आहे, पण आता बहुतेक अभ्यासक तो मूळचा तुंगुसीच धरतात. युरोपात शामनचं पहिलं छापील चित्र १६९२ साली आलं, निकोलास वित्सेन या डच गृहस्थाच्या ग्रंथात. अंगावर कातडं, डोक्यावर शिंगं, हातात डफासारखा ढोल, आणि ओळख काय दिली, तर सैतानाचा पुजारी.

त्याच वर्षी नॉर्वेच्या पार उत्तरेला, वाद्सो गावात, अँडर्स पाउल्सेन नावाच्या म्हाताऱ्यावर खटला चालू होता. तो सामी, म्हणजे तिकडच्या आदिवासी लोकांपैकी. आरोप जादूटोण्याचा, पुरावा म्हणजे त्याचा ढोल. तो आदल्या डिसेंबरातच जप्त झाला होता. म्हाताऱ्यानं तो कोर्टात वाजवून दाखवला, पानावरचं, म्हणजे ढोलावर ताणलेल्या कातड्यावरचं, एकेक चित्र समजावून सांगितलं. निकाल लागायच्या आत, कोठडीत असतानाच, वेडाच्या भरात असलेल्या एका माणसानं कुऱ्हाडीनं त्याचा जीव घेतला. ढोल गेला कोपनहेगनला, राजाच्या संग्रहात. कारास्योकच्या सामी संग्रहालयाकडे त्याची मालकी आली ती २०२२ साली. सामींचा ढोल नुसता भान हरपायला नसे. पानावर आल्डर झाडाच्या सालीच्या लाल रसानं माणसं, रेनडिअर, सूर्य, देव काढलेले असत. पानावर पितळेची कडी ठेवायची, शिंगाच्या हातोडीनं हलके ठोके द्यायचे, आणि थरथरणारी कडी कुठल्या चित्रावर जाऊन थांबते ते पाहायचं. शिकारीला कुठल्या दिशेनं जावं, आजारी माणूस उठेल की नाही, हे त्यावरून ठरे. वाद्य जितकं, तितकंच पंचांग.

आपल्याकडच्या माणसानं सैबेरियाकडे बघताना एक फरक आधी डोक्यात पक्का करावा. आपल्या गोंधळात संबळ वाजवणारा वेगळा आणि घुमणारा वेगळा. जागरणात दिमडी वाघ्याच्या हातात, अंगात येतं ते समोर बसलेल्या भलत्याच कुणाच्या. वाजवणाराच घुमायला लागला तर ठेका कोण धरणार? सैबेरियातला शामन मात्र आपला ढोल आपणच वाजवतो आणि आपणच जातो. दिशाही उलटी. आपल्याकडे देव येतो. तिथे शामन निघतो, वरच्या जगात नाहीतर खालच्या, आजाऱ्याचा हरवलेला जीव शोधायला. ही रेघ फार सरळ ओढू नये, कारण निघण्याआधी तोही आपल्या सोबतच्या आत्म्यांना हाका मारून ढोलात गोळा करतो. तरीही जो ठोका देतो तोच भान सोडतो, ही गोष्ट साधी नाही. भान सोडायचं आणि मनगट सोडायचं नाही, हीच त्या शामनची खरी तालीम.

निघायचं म्हणजे वाहन हवं. ते वाहन म्हणजे ढोल. अल्ताईचा ढोल एकाच बाजूनं मढवलेला, आकारानं परातीएवढा, कधी गोल तर कधी किंचित लांबट. आतल्या बाजूला मधोमध उभी लाकडी मूठ असते, तिला माणसाचा चेहरा कोरलेला. तो ढोलाचा धनी. मुठीला आडवी जाणारी लोखंडी सळई. तिला 'किरीश' म्हणतात, म्हणजे धनुष्याची प्रत्यंचा. तिच्यावर लोखंडाचे लोलक लटकतात, ते प्रत्येक ठोक्याला किणकिणतात. वाजवायचा दांडा केसाळ कातड्यानं मढवलेला, त्याला चाबूक मानतात. ढोल हा घोडा किंवा हरीण. ज्याचं कातडं, ते जनावर. नवा ढोल मढवून झाला की तो लगेच वाजवत नाहीत, आधी जिवंत करतात. त्यावर पेय शिंपडतात आणि शामनच्या तोंडून आधी ढोलाचं लाकडी कडं बोलतं: मी कुठल्या रानात वाढलो, मला कसं तोडलं. मग कातडं बोलतं: माझे आईबाप कोण, मी कुठे चरलो, शिकाऱ्यानं मला कुठे गाठलं. वाद्याची एवढी सविस्तर चौकशी आपण सतारीचीही करत नाही.

घोडा असो की हरीण, मुळात ते कातडं आहे, आणि कातड्याला हवा कळते. ढोल बनवण्यातली सगळी कटकट या एका गोष्टीतून निघते. आज कुणी हौसेनं ४५ सेंटिमीटर व्यासाचा, ६-७ सेंटिमीटर खोलीचा असा ढोल करायला घेतला तर पहिलं काम कड्याचं. लाकडाची पट्टी वाकवून तिची दोन्ही टोकं तासून एकमेकांवर चढवायची. ज्या कडेवर पान बसणार ती घासून गोल करायची. धार राहिली तर सुकताना पान तिथेच चिरतं. कातडं बकऱ्याचं, केस काढलेलं पण न कमावलेलं. चपलेचं कमावलेलं चामडं कितीही ताणलं तरी मुकंच राहतं, कारण सुकताना आक्रसून कडक होण्याचा त्याचा गुण कमावताना गेलेला असतो. पान थंड पाण्यात १२ ते २४ तास भिजवायचं. घाईपोटी कुणी कढत पाणी ओतलं की खेळ खलास. साधारण ६० अंशांच्या पुढे कातड्यातले तंतू गोळा होतात आणि ते सरसाच्या वाटेला लागतं.

भिजलेलं पान कड्यापेक्षा चारी बाजूंनी ८-१० सेंटिमीटर मोठं कापतात, कडेपासून दोन बोटं आत भोकं पाडतात आणि वादी ओवून मागच्या बाजूला मध्ये ठेवलेल्या छोट्या कडीशी आवळतात. नवखा माणूस इथे हमखास फसतो. ओलं पान हाताला ढिलं लागतं, म्हणून तो जीव खाऊन ओढतो. पण खरा ताण हातानं द्यायचा नसतोच, तो सुकणं देतं. ओलं असताना सुरकुत्या गेल्या आणि अंगठ्यानं दाबल्यावर पान जरासं दबलं, की पुरे. त्याहून जास्त ओढलं तर तिसऱ्या दिवशी सकाळी कडं पिळवटलेलं दिसतं, नाहीतर भोकं फाटून वाद्या लोंबत असतात. सुकवायचा सावलीत, आडवा ठेवून, तीन-चार दिवस. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवला तर एक बाजू आधी सुकते, ताण वाकडा बसतो, आणि मग हा ढोल चार ठिकाणी चार आवाज काढतो. त्यावर एकच इलाज: वाद्या सोडा, पुन्हा भिजवा, पहिल्यापासून.

पुढचं हलगीवाल्याला शिकवायला नको. मिरवणुकीआधी रस्त्याच्या कडेला कागद, पाचोळा पेटवून त्यावर हलगी फिरवणारी पोरं कुणी पाहिली नाहीत? तुवातही विधीआधी ढोल असाच विस्तवापाशी धरतात. आच लागली की कातड्यातला ओलावा उडतो, पान आक्रसतं, आवाज चढतो. ढोल निखाऱ्यांपासून हातभर लांब धरायचा आणि सतत फिरवत राहायचा. हाताचा उलटा पंजा पानाजवळ न्यावा. त्याला सोसवते तेवढीच आच पानालाही सोसवते. एकाच जागी धरून ठेवला तर तिथे काचेसारखा पिवळट डाग पडतो, आणि पुढे कधीतरी भर कार्यक्रमात पान नेमकं तिथूनच तडकतं. कोरड्या थंडीत एकदा शेकलेला ढोल बराच वेळ टिकतो. कोकणातल्या आषाढात गाणं सुरू होऊन संपायच्या आत तो पुन्हा मऊ पडतो. ढोल-ताशा पथकं फायबरच्या पानांकडे वळली ती याच वैतागानं, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

फक्त एक गोष्ट फायबरबरोबर जाते. शेकायच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत जमलेली माणसं गप्प होत जातात. तुवात जुनिपर या झुडपाचा धूर केलेला असतो, शामन जड, लोखंडी लोलकांचा झगा अंगावर चढवत असतो, आणि मधूनच कुणीतरी पानावर बोट मारून आवाज बघतं. टुक्. अजून नाही. टुक्. अजून थोडं. पहिला खरा ठोका पडायच्या आत निम्मं काम झालेलं असतं.

आता ठोक्यांकडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अँड्र्यू नेहर या अमेरिकी संशोधकानं प्रयोगशाळेत लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना ढोलाचे ठोके ऐकवले आणि मेंदूच्या लहरी ठोक्यांच्या मागे चालू लागतात असं मांडलं. तेव्हापासून 'सेकंदाला ४ ते ७ ठोके, थीटा लहरी, समाधी' हा फॉर्म्युला जगभर फिरतो आहे. थीटा म्हणजे मेंदूच्या साधारण त्याच वेगाच्या संथ लहरी. तुमच्या व्हॉट्सॲपवरही आला असेल. जरा हिशेब करू. सेकंदाला ४ म्हणजे मिनिटाला २४०. ७ म्हणजे ४२०. एका हातानं, एका दांड्यानं मिनिटाला ४२० ठोके पाव तास वाजवून दाखवणारा कुणी असेल तर त्याला साष्टांग नमस्कार. आज ढोल ऐकून भान सैल करायच्या पाश्चात्त्य शिबिरांमध्ये जो वेग शिकवतात तो मिनिटाला २०५ ते २२० असा आहे. सेकंदाला साडेतीनच्या आसपास. म्हणजे ज्या थीटाची जाहिरात चालते, तिच्या उंबरठ्याच्याही हा वेग अलीकडेच थांबतो.

नेहरच्या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. इलेक्ट्रोडनं टिपलं ते मेंदूतलं की पापण्यांच्या हालचालींचं, हाच पहिला संशय. सगळ्यात मार्मिक टोला जिल्बेर रुजे या फ्रेंच संगीत-अभ्यासकाचा. नेहर बरोबर असता, तर निम्मी आफ्रिका वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत भानावरच नसती, अशा अर्थाचं तो लिहून गेला. आपल्यालाही हा टोला लागू आहे. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दिवस-रात्र ढोल वाजतात. कान बधिर होतात. अंगात किती जणांच्या येतं?

२०१५ साली जर्मनीतल्या लाइपझिगमधून आलेला एक अभ्यास मला जास्त पटतो. त्यात मुरलेल्या १५ साधकांना एमआरआय यंत्रात झोपवून ढोलाचे ठोके ऐकवले होते, एकदा अगदी एकसारखे आणि एकदा विस्कळीत अंतराचे. भान सरकलं तेव्हा मेंदूतली आत लक्ष वळवणारी केंद्रं एकमेकांशी जास्त जोडली गेलेली दिसली, आणि ऐकण्याच्या मार्गाची बाकी मेंदूशी असलेली जोडणी सैल पडलेली. म्हणजे ढोल इतका सारखा वाजत होता की मेंदूनं तो ऐकणंच सोडून दिलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते, तसंच. बाहेरून नवीन काही येणार नाही याची खात्री पटली की लक्ष आत फिरतं. पण ते १५ जण मुरलेले होते, त्यांना आत जायची वाट पाठ होती. रस्त्यावरचे १५ उचलून झोपवले असते तर बहुतेक जण घोरले असते.

यातूनच एक चूक कळते, जी भारतीय हात हमखास करतो. आपल्या हाताला समेची सवय. भजनी ठेका ऐकत वाढलेल्या माणसाला सलग ठोके द्यायला सांगा. तिसऱ्या मिनिटाला त्याचा दर चौथा ठोका वजनदार पडायला लागतो. त्याला कळतही नाही. ऐकणाऱ्याचा कान मात्र लगेच टवकारतो आणि मोजू लागतो: एक-दोन-तीन-चार, एक. सम आली की डोकं हलतं, दाद जाते, आणि माणूस मैफिलीत येऊन बसतो. शिबिरातल्या या वाजवण्यात सम नाही, खाली नाही, तिहाई तर नाहीच. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याचा जुळा भाऊ. चांगल्या तबलजीला हे महाकठीण जातं. ज्याला काहीच वाजवता येत नाही, त्याला त्यामानानं लवकर जमतं.

दुसरी गडबड मनगटाची. पाव तास २१० च्या वेगानं म्हणजे ३,१५० ठोके. दांडा मुठीत घट्ट आवळला तर पाचव्या मिनिटाला हात कोपरापर्यंत भरून येतो, वेग पडतो, ते लक्षात आलं की वाजवणारा दचकून वेग वाढवतो, आणि आडवा पडून ऐकणारा माणूस डोळे उघडतो. दांडा अंगठा आणि दोन बोटांत सैल धरावा. पान त्याला परत उडवतं. त्या उडण्यावरच पुढचा ठोका स्वार करायचा. जागा मध्य आणि कड यांच्या मधली. अगदी मध्यावर मारलं तर 'थप्' असा मेलेला आवाज येतो, कडेला मारलं तर टणटण. दोघे वाजवणारे असतील तर दुसऱ्यानं आधी हळू आवाजात वेग मिळवावा, दहा-बारा ठोके दोघांनी एकत्र द्यावेत, मगच पहिल्यानं थांबावं. मध्ये एक ठोका जरी रिकामा गेला तरी तो खड्ड्यासारखा लागतो.

ऐकणारा अंधाऱ्या खोलीत पाठीवर, डोळ्यांवर रुमाल, वाजवणाऱ्यापासून दोन-तीन मीटर लांब. डोक्याशी ढोल आणला तर कानाला इजा. पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं बस्स. पोट जड असेल तर झोप लागते. फोनच्या स्पीकरवरचं रेकॉर्डिंग कुचकामी, कारण त्यात ढोलाचा खर्ज येतच नाही, नुसता टकटकाट उरतो. परतीची खूण आधी सांगून ठेवतात: ठोके थांबतात, मग सात-सात ठोक्यांचे चार गट, मग अर्धा मिनिट पळती लय, मग पुन्हा सात-सातचे चार. ही खूण विसरून कुणी ढोल तसाच खाली ठेवला तर पडलेली माणसं अर्धवट उठतात, डोकं जड, चिडचिड, मळमळ. मिरगी असलेल्यांनी, किंवा ज्यांना कधी भास, तीव्र उन्माद वगैरेंसाठी औषधं घ्यावी लागली आहेत त्यांनी, यात पडूच नये. भान सैल करणं त्यांच्यासाठी खेळ नसतो.

हा सगळा घाट, अंधारी खोली, ठरीव वेग, पंधरा मिनिटं, मुख्यतः अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकल हार्नर यांनी घालून दिलेला. १९६०-६१ मध्ये ॲमेझॉनच्या कोनिबो लोकांत राहून त्यांनी आयावास्काचा, म्हणजे भान बदलणाऱ्या एका वेलीचा, काढा घेतला होता. पुढे काढ्याचं काम त्यांनी ढोलावर सोपवलं. सैबेरियातलं खरं वाजवणं असं सपाट नसतं. ते पुटपुटल्यासारखं सुरू होतं, थबकतं, उसळतं, मध्येच पक्ष्याची शीळ, अस्वलाची गुरगुर. शामन डोकं ढोलाच्या पोकळीत घालून गातो, म्हणजे आपलाच आवाज त्याला पानावरून उलटा, भलत्याच कुणाचा असल्यासारखा ऐकू येतो. शिवाय जाड झगा, रात्रभरचं जागरण, धूर, फिरणं, आणि भोवती बसलेली, कथेचा पुढचा मुक्काम माहीत असलेली माणसं. शिबिरातल्या माणसाला ढोल मिळतो. ती माणसं कुठून आणणार?

म्हणून दोरीचं दुसरं टोक मला गावातच बांधलेलं दिसतं. गोंधळातली आजी संबळीनं घुमते खरी, पण तिनं लहानपणापासून आईला, मावशीला घुमताना पाहिलेलं असतं. कुठल्या पदाला उठायचं, कुठल्या आरतीला शांत व्हायचं, हे तिच्या अंगाला माहीत असतं. तीच संबळ टीव्हीवर लागली तर ती भाजी निवडत बसते. यात ढोंग आहे असं मी म्हणत नाही. मातृभाषा शिकलेली असते म्हणून ती खोटी होत नाही. गोष्ट बिघडते ती घुमणाऱ्याला लोक प्रश्न विचारू लागतात तिथे. साप चावलेल्याला दवाखान्याऐवजी तिच्यापुढे आणून बसवलं, की मग महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, आणि लागायलाच हवा.

तिकडे सोव्हिएत काळात हे गाव मोडायचं म्हणून आधी ढोल उचलले. १९३० च्या दशकात ते जाळले गेले, संग्रहालयांत जमा झाले. तुवात मोंगुश केनिन-लोप्सान या लेखक-अभ्यासकानं शामनांची गाणी, विधी अनेक दशकं टिपून ठेवले म्हणून १९९० नंतर पुन्हा सुरुवात करता आली. तिथल्या शामनांच्या एका संघटनेचं नाव 'दुंगुर', म्हणजे ढोल.

शामन वारला की जुन्या रिवाजानं त्याचा ढोल मुलाकडे जात नसे. पानाला सुरीनं चीर देत, आणि मग तो थडग्याजवळच्या झाडाच्या फांदीला अडकवत. लोलक वाऱ्यावर बरेच दिवस किणकिणत राहत. पान आधी गळून जाई, कडं त्यानंतर कितीतरी वर्षं टिके.